वॉशिंग मशीनच्या नळाचा जुना कॉक: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या हार्डवेअरच्या दुकानात वॉशिंग मशीनचा कॉक मागायला येणाऱ्यांच्या दोनच कथा असतात. एक तर नवं मशीन बसवायला आलेल्या माणसानं "आधी पाणी बंद करा" असं सांगितलेलं असतं आणि घरातला कॉक तसूभरही फिरत नसतो. नाही तर तो फिरलेला असतो, पण अर्धा तुटून हातात आलेला असतो आणि गिऱ्हाईक तो तुकडा कापडात गुंडाळून घेऊन येतं. दोन्ही वेळा घाई असते आणि घाईत चुकीचा माल घरी जातो. महाल-इतवारीतली जुनी घरं, धरमपेठ-रामदासपेठेतली जुनी अपार्टमेंट, मनीषनगर-बेस्याकडचे नवे फ्लॅट, सगळीकडून तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे सवडीनं दिली आहेत.

धुणं झाल्यावर नळ बंद करायलाच हवा का? मशीन तर आपोआप पाणी थांबवतं.

बंद करायलाच हवा, आणि रोज करायला हवा. मशीनच्या आत विजेवर चालणारा इनलेट व्हॉल्व्ह असतो, तो पाणी थांबवतो हे खरं. पण बाहेरचा नळ उघडा असला की टाकीतल्या पाण्याचा सगळा दाब रात्रंदिवस नळापासून मशीनपर्यंतच्या इनलेट पाइपवर आणि त्याच्या दोन टोकांच्या रबरी वॉशरवर राहतो. आपल्याकडे मशीन बहुधा बाल्कनीत किंवा मागच्या गॅलरीत असतं. तिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, ऊन पाइपवर पडतं, रबर कडक होतं आणि एक दिवस नटापाशी तडकतं. घरी कुणी असेल तर फरशी पुसून भागतं. कुणी नसेल तर खालच्या मजल्यावरचे लोक दार वाजवायला येतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रोज फिरणारा कॉक जाम होत नाही. वर्षानुवर्षं उघडाच राहिलेल्या कॉकच्या आट्यांत क्षार आणि गंज बसतो, आणि ज्या दिवशी तो बंद करायची खरी गरज पडते त्याच दिवशी तो फिरत नाही.

माझ्या घरी कोणत्या प्रकारचा कॉक आहे हे कसं ओळखायचं?

मूठ फिरवून पाहा. तीन-चार फेरे घेऊन बंद होत असेल तर तो जुन्या पद्धतीचा, आत रबरी वॉशर असलेला स्क्रूचा नळ. पाव फेऱ्यात बंद होत असेल तर आत सिरॅमिकच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं. लाल किंवा निळ्या दांडीचा, दांडी पाइपला आडवी केली की बंद होणारा तो बॉल व्हॉल्व्ह. छोटं गोल चाक असलेला, बरेच फेरे घेणारा पितळी गेट व्हॉल्व्ह जुन्या घरांत गच्चीवर टाकीपाशी दिसतो. भिंतीत गाडलेला आणि फक्त मूठ बाहेर असलेला तो कन्सिल्ड स्टॉप कॉक. बदलायला सगळ्यांत जिकिरीचा तोच, कारण नुसता आतला भाग मिळाला नाही तर टाइल फोडावी लागते.

कॉक जाम झालाय. कसा सोडवायचा?

आधी वरचं पाणी बंद करण्याची सोय करा, मगच कॉकला हात लावा. ही पायरी सोडू नका. जाम कॉक सुटतानाच तुटतो, आणि तेव्हा पाणी थांबवायला जागा नसेल तर घरभर पाणी होतं. वरचं पाणी कुठून बंद करायचं ते पुढच्या प्रश्नात आहे.

मशीनचा प्लग काढा, खाली बादली ठेवा. मुठीच्या खाली दांड्याभोवती जो छोटा नट असतो तो ग्लँड नट. तो पान्यानं पाव फेरा सैल करा. बऱ्याचदा दांडा आतल्या आट्यांत अडकलेला नसतोच. ग्लँडमधलं जुनं पॅकिंग वाळून दांड्याला घट्ट धरून बसलेलं असतं. दांड्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचे, म्हणजे डब्ल्यूडी-४० किंवा तसल्या स्प्रेचे, दोन फवारे मारा आणि निदान अर्धा तास वाट पाहा. रात्रभर ठेवलं तर उत्तम. त्यानंतर हातानं, नुसत्या हातानं, थोडं बंद करायच्या दिशेनं आणि थोडं उघडायच्या दिशेनं असं हलवत राहा. केसभर हलला तरी पुरे. पुन्हा तेल, पुन्हा मागे-पुढे. क्षार आट्यांतून भुरभुर निघतात आणि फिरण्याची जागा वाढत जाते.

हाताला दाद देत नाही म्हणून मुठीवर पाइप पाना लावायचा मोह होतो. लावू नका. पाइप पान्याला लांब दांडी असते, थोड्याशा जोरातही मुठीवर फार मोठी ताकद पडते आणि ती सरळ भिंतीतल्या निप्पलपर्यंत, म्हणजे आट्या असलेल्या छोट्या पाइपापर्यंत, जाते. आमच्याकडे नेहमी येणारे एक जुने प्लंबर गिऱ्हाइकाला आधीच बजावतात, "ताई, हा जाम होऊन गेला. जोर लावला तं कॉक नाई, भिंतीतला पाइप तुटून जाईन." जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपच्या बाबतीत त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. बाहेरून धडधाकट दिसणारा जुना लोखंडी निप्पल आट्यांच्या जागी आतून गंजून कागदासारखा पातळ झालेला असतो. हातोडीनं ठोकणंही तितकंच वाईट.

सुटला की ग्लँड नट परत कसा, कॉक चार-पाच वेळा पूर्ण उघडा आणि बंद करा. फेऱ्यांचा कॉक किंवा गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे घेऊन ठेवावा, म्हणजे तो टोकाला जाऊन अडकत नाही.

घरातलं पाणी वरून बंद कुठे करायचं? आम्हाला तर माहीतच नाही.

बहुतेकांना माहीत नसतं, आणि हे कॉक जाम होण्याआधी माहीत हवं. नागपूरला पाणी पेंचच्या धरणातून आणि कन्हान नदीतून येतं, पण घरातल्या नळाला बहुधा ते थेट येत नाही. ते आधी खालच्या टाकीत, तिथून पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि मग उतरत्या पाइपानं घरात येतं. म्हणून वॉशिंग मशीनच्या नळाचं पाणी बंद करायची जागा गच्चीवर असते.

गच्चीवर जा आणि टाकीच्या बुडापासून निघालेले पाइप नजरेनं धरत जा. स्वतंत्र घर असेल तर दोन-तीन व्हॉल्व्ह दिसतील: एक बाथरूमचा, एक स्वयंपाकघराचा, कधी कधी बोअरच्या टाकीचा वेगळा. घरात एकाला नळ उघडा ठेवून उभं करा, एकेक व्हॉल्व्ह बंद करा आणि कोणता कुठला ते पाहून ऑइल पेंटनं पाइपवरच लिहा. कागदाची चिठ्ठी पहिल्या पावसात जाते.

अपार्टमेंटमध्ये प्रत्येक फ्लॅटचा वेगळा व्हॉल्व्ह गच्चीवर नाही तर डक्टमध्ये असायला हवा. जुन्या इमारतींत पुष्कळदा एका उभ्या लाइनवर खालपासून वरपर्यंतचे सगळे फ्लॅट असतात आणि व्हॉल्व्ह एकच. मग सेक्रेटरीला आणि त्या लाइनवरच्या शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा आणि सकाळची गर्दी ओसरल्यावर अकरा-बाराच्या सुमारास काम काढा. पाणी बंद केल्यावरही उभ्या पाइपात साठलेलं पाणी बराच वेळ येत राहतं. घाबरू नका, खालचा एखादा नळ उघडून ते जाऊ द्या.

जुन्या घरात एखादा नळ थेट नळयोजनेच्या लाइनवर असेल तर तो मीटरनंतरच्या कॉकनं बंद करायचा. मीटर, त्याचं सील आणि रस्त्यातलं जोडणीचं काम याला आपण हात लावायचा नाही.

नळ बंद केला तरी मशीनमध्ये पाणी भरतच राहतं. दोष कुणाचा?

दोन दोष एकत्र असू शकतात. इनलेट पाइप नळापासून सोडवा आणि नळ बंद करून पाहा. थेंब पडत असतील तर नळाचं वॉशर किंवा कार्ट्रिज गेलं. आता पाइप परत जोडा, नळ उघडा, पण मशीनचा प्लग काढलेला ठेवा. तरी ड्रममध्ये पाणी येत असेल तर मशीनच्या इनलेट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा तो बिघडलाय. त्यासाठी मशीनचा मेकॅनिक लागेल, नळ बदलून उपयोग होणार नाही.

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. बादली लावून ठेवली तर किती पाणी वाया जातं ते डोळ्यांना दिसतं.

मुठीपाशी, दांड्यातून पाणी झिरपतं.

ग्लँड नट थोडा कसा, बहुतेक वेळा एवढ्यानं थांबतं. न थांबल्यास पाणी बंद करून नट वर घ्या, दांड्याभोवती टेफ्लॉन टेप दोरीसारखी पिळून दोन वेढे द्या आणि नट परत बसवा. तरीही झिरपलं तर कॉक बदला.

दुरुस्त करावा की बदलावा?

पितळेचा जाड, वजनदार जुना नळ असेल, फक्त थेंब गळत असतील आणि आतली बैठक, म्हणजे वॉशर टेकतं ती जागा, गुळगुळीत असेल, तर अर्ध्या इंची वॉशर टाकून तो आणखी बरीच वर्षं चालतो. असे नळ फेकू नयेत असं माझं मत आहे, आज तेवढी जाड धातू स्वस्तात मिळत नाही. वॉशर बदलूनही गळत असेल तर बैठकीवर खाच पडलेली असते. बोट फिरवून पाहिलं की ती लागते.

मात्र पितळ जागोजागी गुलाबी-तांबूस दिसत असेल तर बदलाच. त्यातलं जस्त पाण्यात गेलेलं असतं आणि उरलेला भाग ठिसूळ होतो. प्लॅस्टिकचा नळ ऊन खाऊन पांढरट, खडबडीत झाला असेल तर तोही काढा. आणि जो कॉक सोडवायला तेल आणि रात्र घालवावी लागली, तो पुढच्या सवडीत बदलून टाका.

कॉक काढताना मोडला आणि आट्या भिंतीतच राहिल्या. आता?

पाणी बंद असेल तर घाई करायचं कारण नाही. प्लंबरकडे आत अडकलेला तुकडा काढायचं एक्स्ट्रॅक्टर असतं. ते आत ठोकून उलटं फिरवलं की तुकडा निघतो. ते नसेल तर हॅकसॉचं पातं आत घालून तुकड्याला एक उभी चीर देतात आणि तो आतल्या बाजूला दुमडून काढतात. यात चीर बाहेरच्या फिटिंगच्या आट्यांपर्यंत गेली तर ते फिटिंगही वाया जातं, म्हणून हे काम सरावाच्या हाताकडून करून घ्या. सीपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकच्या, लाइनमध्ये नळ पितळी आट्या असलेल्या एल्बोत, म्हणजे काटकोनी जोडात, बसतो. तो एल्बो प्लॅस्टिकमधून फिरला तर भिंत फोडून नवा लावण्यावाचून इलाज नाही.

जीआय लाइनमध्ये तुकडा काढल्यावर आत बोट घालून पाहा. गंजाचे पापुद्रे हाताला येत असतील तर नुसता नळ बदलून काम टिकणार नाही. तेवढा तुकडा तरी बदलून घ्या.

नवा कोणता घ्यावा?

भिंतीतली आटी बहुधा अर्धा इंची, म्हणजे १५ मिलिमीटरची असते. मशीनच्या इनलेट पाइपचा नट मात्र पाऊण इंची असतो. म्हणून दुकानात "अर्धा इंची नळ द्या" एवढंच सांगू नका, "वॉशिंग मशीनचा नळ" सांगा. त्याच्या तोंडाला पाऊण इंची आट्या असतात आणि पाइपचा नट थेट बसतो. मशीनबरोबर चार स्क्रूंचा जो पांढरा अडॅप्टर येतो तो साध्या गोल तोंडाच्या नळासाठी असतो. तो चालतो, पण स्क्रू सैल पडत जातात आणि दाब वाढला की निसटतो. नवा नळ लावणारच असाल तर अडॅप्टर सोडा.

पाव फेऱ्याचा नळ रोजच्या वापराला सोयीचा. पण जुन्या जीआय लाइनमधून गंजाचे कण येतात आणि सिरॅमिक चकत्यांवर ओरखडे पाडतात. अशा घरात मी एकच सुचवतो: आधी पितळी बॉल व्हॉल्व्ह, त्यापुढे मशीनचा नळ. पुढे नळ बिघडला तर मागचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून पाच मिनिटांत बदलता येतो, गच्चीवर जावं लागत नाही. वस्तू हातात घेऊन वजन पाहा, आयएसआय खूण पाहा. गेट व्हॉल्व्हसाठी आयएस ७७८ आणि स्क्रूच्या नळांसाठी आयएस ७८१ ही भारतीय मानकं आहेत. इतवारीतल्या लोहाओळीत जायचं असेल तर जुना नळ सोबत न्या, फोटोवरून आटीचं माप कळत नाही.

नळ मशीनच्या पाठीमागे लपेल अशा जागी बसवू नका, मशीन न सरकवता हात पोचला पाहिजे. आणि विजेचा पॉइंट नळाच्या बरोबर खाली नको.

नवा नळ लावण्याआधी उघड्या पाइपाखाली बादली धरा, वरचं पाणी क्षणभर सोडा आणि आतला कचरा, गंज वाहून जाऊ द्या. पुष्कळ प्लंबर हे करत नाहीत. तुम्ही सांगून करून घ्या.

टेफ्लॉन टेप किती लावायची?

नळाच्या आट्यांवर आठ-दहा वेढे, आटीचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेनं. उलटी गुंडाळली तर कसताना गोळा होते. जुने लोक धागा आणि सफेदा वापरतात, जीआयच्या झिजलेल्या आट्यांवर ते आजही उत्तम बसतं. मशीनच्या इनलेट पाइपच्या नटाला मात्र टेप लावायची नाही. तिथे पाणी रबरी वॉशर अडवतं, टेपमुळे नट नीट बसत नाही. तो हातानं कसा, गळलं तरच पान्यानं थोडासा.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. नळावर पांढरा थर साचतो.

नागपूरच्या पश्चिमेला काळ्या बेसाल्टचा खडक आहे, त्यातून येणारं बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. थेंब सुकला की कॅल्शियमचे क्षार मागे राहतात, म्हणून थर नेमका गळत्या जागी साचतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात भिजवलेलं फडकं तासभर नळाला गुंडाळून ठेवा, थर मऊ होतो. संडास धुवायचं अ‍ॅसिड वापरू नका, त्यानं क्रोम निघून पितळ उघडं पडतं. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

शक्य असेल तर मशीनचा नळ बोअरच्या टाकीऐवजी नळाच्या पाण्याच्या टाकीवर घ्या. कपडे, साबण आणि मशीनचा हीटर, तिन्हींना फरक पडतो.

उन्हाळ्यात त्याच नळावरून कूलर भरतो. चालेल का?

नागपुरात हा प्रश्न होळीपासून सुरू होतो. चालेल, पण नळाच्या तोंडावर नुसता टी लावून नाही. तसं केलं की कूलरच्या फ्लोटसाठी नळ चोवीस तास उघडा राहतो आणि मशीनचा पाइपही दाबाखाली राहतो, म्हणजे पहिल्या प्रश्नातलं सगळं फुकट गेलं. दोन तोंडांचा, दोन स्वतंत्र मुठींचा टू-वे नळ लावा. एक मूठ मशीनची, एक कूलरची. कूलरच्या बाजूची पातळ हिरवी नळी क्लिपनं आवळा, नुसती खोचून ठेवलेली नळी दुपारच्या उन्हात मऊ होऊन निसटते. कूलरची टाकी फ्लोटवर विसंबून रात्रभर सोडू नका. पावसाळा लागला की ती नळी काढा आणि मूठ बंद करून ठेवा, पण महिन्यातून एकदा फिरवा.

मशीन पाणी येत नसल्याचा एरर दाखवतं. कॉक तर उघडा आहे.

एलजीच्या मशीनवर आयई आणि सॅमसंगच्या मशीनवर ४सी हे त्याचेच इशारे. आधी पाइप काढून बादलीत पाणी सोडून पाहा. धार चांगली असेल तर दोष पुढे आहे: मशीनच्या इनलेटला आत छोटी जाळी असते, ती चिमट्यानं बाहेर काढून जुन्या ब्रशनं धुवा. पावसाळ्यात गढूळ पाणी आल्यावर आणि टाकी धुतल्यावर ती हमखास भरते.

धारच बारीक असेल तर कॉक अर्धवट उघडत असेल (जुन्या गेट व्हॉल्व्हची चकती दांड्यापासून तुटून आत तशीच राहते, चाक फिरतं पण काही होत नाही) किंवा टाकी पुरेशी उंच नसेल. दहा मीटर उंचीच्या पाण्यानं सुमारे एक बार दाब येतो. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर तीन मीटर असली तर ०.३ बारच मिळतो, आणि अनेक फ्रंट लोड मशीनना किमान तेवढा लागतोच. तिथे कॉक बदलून उपयोग नाही, टाकी उंच करावी लागते किंवा प्रेशर पंप.

पाणी थांबताना भिंतीत धाडकन आवाज येतो.

मशीनचा व्हॉल्व्ह एकदम बंद होतो आणि वाहतं पाणी आपटतं. प्रेशर पंप असलेल्या घरात जास्त जाणवतं. कॉक थोडा कमी उघडून पाहा आणि सुटा पाइप भिंतीला क्लँपनं धरा. दुर्लक्ष करू नका, जुन्या जोडांना हाच धक्का रोज बसत असतो.

घर भाड्याचं आहे. खर्च कुणी करायचा?

करारात लिहिलं असेल तसं. लिहिलं नसेल तर वॉशर आणि इनलेट पाइप भाडेकरूनं, कॉक आणि भिंतीतली लाइन घरमालकानं, हे मला रास्त वाटतं. राहायला जाताना प्रत्येक कॉक फिरवून पाहा आणि जाम असलेला त्याच दिवशी घरमालकाला मेसेजवर कळवा.

कॉक तुटून पाणी उडतंय. आत्ता काय करू?

फरशीवर पाणी असेल तर मशीनच्या प्लगला हात न लावता एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डावरचा स्विच, बंद करा. एकानं गच्चीवर धावून व्हॉल्व्ह बंद करावा. पंप चालू असेल तर तोही बंद करावा. घरातले खालचे बाकीचे नळ पूर्ण उघडा, त्यामुळे तुटलेल्या जागी दाब कमी होतो. गच्चीवरचा व्हॉल्व्हही जाम असेल तर टाकीचं झाकण उघडून आतून पाइपाच्या तोंडावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कापडाचा घट्ट बोळा दाबा. पाण्याचाच दाब त्याला धरून ठेवतो. बोळ्याला दोरी बांधून तिचं टोक बाहेर ठेवा, म्हणजे नंतर तो काढता येतो आणि पाइपात ओढला जात नाही.

भिंतीतल्या आट्या शाबूत असतील तर टेफ्लॉन गुंडाळून अर्धा इंची एंड प्लग, म्हणजे पाइपाचं तोंड बंद करणारं बूच, हातानं बसवा आणि पान्यानं कसा. प्लंबर दुसऱ्या दिवशी आला तरी तोवर घरातले बाकीचे नळ चालू राहतात. हा प्लग आणि टेफ्लॉनचं एक रीळ मशीनजवळच्या खणात ठेवून द्या.